घरी शिवलेली मुखपट्टी आणि तिची कड

करोनाच्या साथीत, सन २०२० च्या एप्रिल महिन्याच्या ८ तारखेस मुंबई महानगरपालिकेने जो हुकूम जारी केला, त्यात सार्वजनिक ठिकाणी वावरणाऱ्या प्रत्येकाने नाकातोंडावर मुखपट्टी बांधलीच पाहिजे, अन्यथा भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमान्वये कारवाई होईल, अशी सक्त ताकीद होती; परंतु ही मुखपट्टी औषधविक्रेत्याकडून घेतलेली असो की घरी शिवलेली, धुऊन पुन्हा वापरण्याजोगी असो, दोन्ही चालतील, असा जो खुलासा त्याच हुकमात केलेला होता, तो मला मूळ आज्ञेइतकाच महत्त्वाचा वाटतो. सरकारी हुकमाची तामिली घरातल्या शिवणाच्या पेटीतून व्हावी, असे प्रसंग आपल्या राज्यकारभारात फार आलेले नाहीत. टाळेबंदीमुळे दुकाने बंद, कारखान्यांतील माल रुग्णालयांना अपुरा, केंद्र सरकारने मार्चमध्येच दोन पदरी मुखपट्टीला ८ रुपये आणि तीन पदरीला १० रुपये अशी किंमत बांधून दिलेली असूनही ती त्या भावात हाती लागणे दुर्घट, अशा स्थितीत जुने धोतर, पलंगपोस आणि पायमशीन हीच काय ती सामान्य कुटुंबाची सामग्री उरली होती.

पुढे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. मधल्या दोन वर्षांत या घरगुती वस्तूविषयी इतकी परस्परविरोधी मते मांडली गेली, की ती निरुपयोगी होती असे म्हणणाऱ्यालाही आधार सापडतो आणि तिने प्राण वाचवले असे म्हणणाऱ्यालाही. हे सर्व साहित्य शक्य तितके वाचून माझे जे मत बनले ते आरंभीच सांगून टाकतो : आपण चर्चा केली ती कापडाची, शिलाईची केली नाही. मुखपट्टी कोणत्या वस्त्राची आहे हा प्रश्न जितका मोठा, तितकाच, किंबहुना काकणभर अधिक मोठा प्रश्न ती चेहऱ्याच्या कडेला कशी बसते हा आहे, आणि ही कड शिवणाऱ्याच्या हाती असते.

ती शिवली कशी जात होती, हे मी जवळून पाहिले. आमच्या शेजारच्या काकूंनी त्या एप्रिलमध्ये इमारतीतील सर्व बिऱ्हाडांसाठी मुखपट्ट्या शिवण्याचे मनावर घेतले, आणि कापून देण्याचे सोपे काम माझ्याकडे आले. त्यांनी प्रथम धोतर व मांजरपाट ही दोन्ही कापडे गरम पाण्यातून काढून वाळवली, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि न आटवता बेतलेली पट्टी आठवड्याभरात नाकावरून खाली उतरू लागते. मग वर्तमानपत्राच्या कागदावर ९ इंच बाय ७ इंचांचा नमुना आखून तो कापडावर टाचण्यांनी बसवला. मी घाईने कापड तिरपे धरताच त्या म्हणाल्या, “अहो, उरेब कापू नका, ताणलं की कड सुटते.” मला त्या वेळी ती केवळ शिवणकामातील शिस्त वाटली. पुढे वाचन वाढल्यावर कळले, की प्रयोगशाळांनी शंभर वर्षांच्या अंतराने दोनदा जे सांगितले, त्याचे सार या वाक्यात आहे.

आतून धोतराचे मऊ सूत, बाहेरून घट्ट विणीचा मांजरपाट, आणि दोहोंच्या मध्ये त्या बाजारच्या कापडासारख्या दिसणाऱ्या, परंतु वस्तुतः पॉलिप्रॉपिलीनच्या असलेल्या नॉनवोव्हन पिशवीचा एक तुकडा, अशी त्यांची रचना होती. या पिशव्यांवर राज्यात २०१८ सालीच बंदी आलेली असली तरी घरोघरी त्यांचे जुने साठे शिल्लक होते. सुलट्या बाजू आत ठेवून तीन पदर एकत्र टीप मारून जोडायचे, एका बाजूला तीन बोटांची फट राखायची, त्या फटीतून सगळे उलटवून कोपरे कात्रीच्या बोथट टोकाने बाहेर काढायचे, इस्त्री फिरवून दापायचे, आणि मग खालच्या दिशेने उघडणाऱ्या तीन चुण्या घालून दोन्ही बाजूंना त्या दुहेरी टिपेने पक्क्या करायच्या, असा तो क्रम. वरच्या दुमडीत विजेच्या वायरीतून सोललेली तांब्याची तार घातलेली असे. तिची दोन्ही टोके पक्कडीने वळवून घेतलेली असत, म्हणजे ती कापड फोडून बाहेर येऊ नयेत. इलॅस्टिक त्या दिवसांत मिळेनासे झाले होते, म्हणून त्याच कापडाच्या अरुंद पट्ट्या दुमडून नाड्या केल्या. हा नाइलाज होता, परंतु त्यातून लाभच झाला, कारण कानाला अडकवलेल्या इलॅस्टिकपेक्षा डोक्यामागे, एक गाठ वर व एक मानेशी, अशा बांधलेल्या नाड्या पट्टीला गालाशी अधिक घट्ट धरतात.

दुसरा प्रकार होडीच्या आकाराचा, मध्ये वक्र जोड असलेला. तो दिसायला सुबक आणि नाकापुढे थोडी मोकळी जागा ठेवणारा असल्याने बोलायला सोयीचा; मात्र त्याचा जोड बरोबर नाकातोंडासमोर येतो, आणि सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे कापडाला पाडलेले भोकच असते. म्हणून या प्रकारासाठी काकू १६ नंबरच्या सुईऐवजी ११ नंबरची बारीक सुई लावत आणि टाका लहान ठेवत. शिवून झालेली प्रत्येक पट्टी त्या स्वतःच्या चेहऱ्यावर न घालता ज्याची त्यालाच, चष्मा लावून, घालायला सांगत. काचांवर वाफ धरली तर नाकाशी फट आहे, तार पुन्हा दाबा, हा त्यांचा एकमेव निकष होता, आणि तो निकष पुरेसा होता असे मी आजही म्हणेन.

मुख झाकण्याची कल्पना मात्र या साथीहून फार जुनी आहे, आणि तिच्यामागील हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. जैन धर्मातील स्थानकवासी व तेरापंथी साधुसाध्वी जी मुहपत्ती बांधतात, ती स्वतःच्या रक्षणासाठी नसते. आपल्या उष्ण श्वासाने व बोलण्याने हवेतील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, यासाठी असते. पारशी धर्मगुरू अग्नीसमोर विधी करताना तोंडावर जे शुभ्र वस्त्र, म्हणजे पदान, बांधतात, त्याचाही हेतू आपल्या उच्छ्वासाने पवित्र अग्नी विटाळू नये हाच. मुंबईसारख्या शहरात ही दोन्ही दृश्ये पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर आहेत. पट्टी बांधणाऱ्यापासून इतरांचे रक्षण होते, हा जो मुद्दा २०२० साली आरोग्यखात्यांना नाना परींनी समजावून सांगावा लागला, तो या परंपरांत मुळापासूनच होता.

वैद्यकातील मुखपट्टीचा जन्म १८९७ सालचा. ब्रेस्लाऊ येथील जंतुशास्त्रज्ञ कार्ल फ्लुगे यांनी बोलताना उडणाऱ्या तुषारांतून जंतू पसरतात हे दाखवले, आणि त्याच शहरातील शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापडाचा एक पदर बांधण्यास त्या वर्षी सुरुवात केली. पॅरिसमधील पॉल बर्जे यांनीही त्याच वर्षी सहा पदरांची पट्टी वापरात आणली. आपल्याकडे ते वर्ष प्लेगचे. मुंबईच्या मांडवीत १८९६ च्या सप्टेंबरात उद्भवलेल्या साथीमुळे फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा मंजूर झाला, पुण्यात घरझडत्या झाल्या, प्लेग-अधिकारी रँडचा वध झाला. परंतु त्या साऱ्या बंदोबस्तात मुखपट्टीला कोठेच स्थान नव्हते. युरोपात जी वस्तू त्या वर्षी जन्मली आणि येथे जो कायदा त्या वर्षी झाला, त्यांची गाठ पडायला १२३ वर्षे लागली, कारण महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये साथीच्या बंदोबस्तासाठी आधार घेतला तो याच कायद्याचा.

साथीच्या काळात सामान्यांनी पट्टी बांधावी, या विचाराचे श्रेय डॉ. वू लिएन-तेह यांना जाते. पेनांग येथे जन्मलेल्या व केंब्रिजमध्ये शिकलेल्या या तरुण वैद्याला १९१० च्या अखेरीस मांचुरियातील हार्बिन येथे प्लेगच्या बंदोबस्तासाठी पाठवण्यात आले. उंदीर व पिसवा यांतून प्लेग पसरतो, हे ज्ञान मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून झालेल्या कामाने नुकतेच पक्के झालेले होते, आणि वू यांचे म्हणणे त्याच्या विरुद्ध होते : हा प्लेग फुप्फुसाचा आहे, तो श्वासातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. जाळीदार कापडाच्या दोन पदरांत कापसाचा चपटा थर, आणि त्याच कापडाची टोके चिरून केलेल्या नाड्या, अशी पट्टी त्यांनी तयार करविली. ती कोणालाही, कोठेही, अत्यल्प खर्चात करता येत असे. जेराल्ड मेनी या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी वूंचे म्हणणे अमान्य करून पट्टीवाचून रुग्ण तपासले, आणि काही दिवसांतच त्यांना त्याच रोगाने मृत्यू आला.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने, जो आपल्याकडे त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरला आणि ज्याने या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मुखपट्टीची सक्ती आणली आणि सक्तीविरुद्ध चळवळही उभी केली. त्या वादाहून मला मोलाचे वाटते ते कॅलिफोर्नियाच्या आरोग्य मंडळातील केलॉग यांचे १९२० साली प्रसिद्ध झालेले प्रायोगिक काम. जाळीदार कापडाची पट्टी तुषारांना काही अंशी अडवते, आणि पदर वाढवावेत व वीण घट्ट करावी तसा हा अडसर वाढतो. मात्र उपयोगी पडण्याइतकी दाट पट्टी केली की श्वास कष्टाने चालतो, आणि मग हवा कापडातून न जाता कडेच्या फटीतून आत-बाहेर करू लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे, कड मोकळी असेल तर उत्तम कापडाची पट्टी ही साध्या कापडाच्या पट्टीहून कमी उपयोगाची ठरू शकते. या शोधाकडे पुढील शंभर वर्षे घरगुती शिवणाच्या दृष्टीने फारसे कोणी पाहिले नाही, याची मला खंत वाटते.

कापडाच्या गुणाबद्दल २०२० मध्ये एक आक्षेप वारंवार घेतला गेला, की विषाणू एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा आणि सुताच्या विणीतील छिद्रे त्याच्या शेकडो पट मोठी, तेव्हा कापड काय अडवणार? आक्षेप सरळ वाटतो, पण चुकीचा आहे. विषाणू एकटा हिंडत नाही. तो थुंकीच्या व श्लेष्म्याच्या लहानमोठ्या तुषारांत असतो. मोठे तुषार वेगात असल्याने धाग्यापाशी वळू शकत नाहीत व त्यावर आदळतात; अतिसूक्ष्म कण हवेत अस्थिरपणे भटकत असल्याने धाग्याला चिकटतात; सर्वांत अवघड असतात ते यांच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे कण, आणि म्हणूनच एन-९५ पट्टीची परीक्षा त्यांच्यावर होते. त्या पट्टीतील धाग्यांना स्थिर विद्युतभार दिलेला असतो, सुती कापडाला तो नसतो. साबणाने धुतल्यास एन-९५ चा तो गुण नाहीसा होतो, तर सुती पट्टी धुण्यानेच वापरण्यायोग्य राहते. कोलोरॅडो विद्यापीठातील चाचणीत ५२ वेळा धुऊन वाळवलेल्या सुती कापडाची गाळण्याची शक्ती फारशी घटलेली आढळली नाही.

शिकागोच्या परिसरातील संशोधकांनी एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घट्ट विणीचे सुती कापड आणि रेशीम किंवा शिफॉन यांचे मिश्र पदर पुष्कळ परिणामकारक ठरले, आणि वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले. त्याच अभ्यासात, कडेला फट ठेवताच गाळण्याची शक्ती साठ टक्क्यांहून अधिक घटू शकते, हेही नमूद होते. ते मागे पडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासाने पदरांविषयीचा प्रश्न निकाली काढला : खोकल्याच्या वेगाने आलेला मोठा तुषार एकपदरी पट्टीवर आदळून फुटतो आणि पलीकडे बारीक तुषारांच्या रूपाने निघतो, म्हणून तीन पदर हवेत. नेहमीचा रुमाल किंवा गमछा एकेरी बांधण्यावर मी विसंबणार नाही, ते यामुळे.

प्रयोगशाळेतून माणसांत आल्यावर चित्र बिकट होते, आणि ते झाकू नये. हनोईमधील १४ रुग्णालयांत १,६०७ आरोग्यसेवकांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत कापडी पट्टी वापरणाऱ्यांना इन्फ्लुएन्झासदृश आजार वैद्यकीय पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. हा निकाल पुढे कापडी पट्टीविरुद्ध सरसकट वापरला गेला. परंतु त्याच संशोधकांनी २०२० मध्ये आपली जुनी नोंद पुन्हा तपासली, तेव्हा रुग्णालयाच्या धुलाईघरात धुतलेल्या कापडी पट्ट्या वैद्यकीय पट्ट्यांइतकेच संरक्षण देत होत्या, आणि धोका वाढलेला होता तो मुख्यत्वे स्वतःच हाताने पट्टी धुणाऱ्यांत, असे दिसून आले. बांगलादेशातील ६०० गावांमधली, तीन लाखांहून अधिक प्रौढांवरची चाचणी यापेक्षाही मोठी. तेथे पट्टी फुकट वाटून व गावोगाव समजावून वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. शस्त्रक्रियेची पट्टी वाटलेल्या गावांत लक्षणांसह सिद्ध झालेला आजार सुमारे ११ टक्क्यांनी घटला, साठीपुढील माणसांत ३५ टक्क्यांनी. कापडी पट्टीच्या गावांतील घट मात्र इतकी अल्प होती की तिच्याविषयी खात्रीने बोलता येत नाही. २०२३ च्या आरंभी कोक्रेन या संस्थेच्या समीक्षेने सामुदायिक वापराच्या चाचण्या एकत्र करून फारसा फरक दिसत नाही असे नोंदवले, तेव्हा मुखपट्टी निकामी ठरली असा डंका पिटला गेला. पुरावा अनिर्णीत आहे, एवढाच याचा अर्थ, असा खुलासा कोक्रेनच्या मुख्य संपादकांना करावा लागला. माझे मत असे, की या चाचण्यांनी कापडी पट्टी दुय्यम आहे हे सिद्ध केले. व्यर्थ आहे हे सिद्ध केले नाही.

सरकारांची धोरणेही या काळात हलली. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये निरोगी लोकांस पट्टीची शिफारस केली नाही, आणि ५ जून रोजी, आत शोषक सुती, मध्ये पॉलिप्रॉपिलीन, बाहेर पॉलिएस्टर किंवा मिश्र कापड, अशी तीन पदरांची रचनाच सांगितली. आपल्या केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कचेरीने त्याच्या दोन महिने आधी, मार्चच्या अखेरीस, घरी पट्टी करण्याची पुस्तिका काढली होती. तीत शिवणयंत्र असलेल्यांसाठी एक कृती व नसलेल्यांसाठी दुसरी कृती होती. ही दूरदृष्टी होती आणि तिचे श्रेय त्या कचेरीला दिले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये, नव्या प्रकारचा अधिक संसर्गजन्य विषाणू आल्यावर, फ्रान्सने घरी केलेल्या पट्ट्या सार्वजनिक ठिकाणी नाकारल्या, तर ऑस्ट्रिया व बव्हेरियाने एन-९५ च्या बरोबरीची पट्टी सक्तीची केली. माल मुबलक झाल्यावर चांगली वस्तू मागणे रास्तच होते.

आपल्या राज्यात बचतगटांतील स्त्रियांनी, कारागृहांतील बंद्यांनी आणि काम गेलेल्या शिंप्यांनी ज्या असंख्य पट्ट्या शिवल्या, त्यांचा हिशेब वस्तूंच्या संख्येतच मांडला गेला. प्रत्येक पट्टीमागे किती टिपा, किती चुण्या, आणि रात्री दिव्याखाली किती वेळ, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुढे लग्नसराईत खणाच्या आणि पैठणीच्या पट्ट्या निघाल्या. त्या सुंदर होत्या, आणि भीतीच्या दिवसांत माणसाने आपल्या वस्त्राची खूण चेहऱ्यावर वागवावी यात मला गैर वाटत नाही. परंतु जरीच्या कडक कापडाला नाकाशी वळण बसत नाही आणि भरतकामाच्या टाक्यांनी ते सच्छिद्र होते, म्हणून अशा पट्टीच्या आत दोन साधे सुती पदर असल्यावाचून ती घालणे धोक्याचे होते. बहिऱ्या माणसांना ओठ दिसेनासे झाल्याने जी अडचण झाली, तिच्यासाठी मध्ये पारदर्शक खिडकी ठेवून पट्ट्या शिवणारे हात थोडेच होते. ते अधिक हवे होते.

पुढे कधी वेळ आलीच, तर माझा कौल स्पष्ट आहे. रुग्णाजवळ राहणाऱ्याने, विशेषतः क्षयरोग्याची शुश्रूषा करणाऱ्याने, एन-९५ च वापरावी. तेथे घरच्या शिवणावर भिस्त ठेवू नये. ती मिळेनाशी झाली आणि बाहेर पडणे भाग असले, तर दोन सुती पदरांत एक नॉनवोव्हन पदर, डोक्यामागे बांधायच्या नाड्या, वरच्या दुमडीत तार, आणि रोज गरम पाण्याने साबण लावून धुणे, एवढ्यावर ठाम राहावे. काकूंनी त्या एप्रिलमध्ये वापरलेले वर्तमानपत्राचे नमुने अजून त्यांच्या शिवणाच्या पेटीत आहेत, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने माणसाचे नाव लिहिलेले आहे. ज्यांच्या घरी असे नमुने उरले असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. त्यांवर कापडाचे नाव, पदरांची संख्या आणि ज्या चेहऱ्यावर कड नीट बसली त्याचे नाकाच्या दांडीपासून हनुवटीखालपर्यंतचे माप लिहून ठेवावे.